करंट येत नाही? सीडीआय विकत घ्यायच्या आधी एवढं तपासा

जुलैमध्ये कराडहून चिपळूणला निघालो होतो. कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाट अजून लागायचा होता आणि भर पावसात गाडी एकाएकी बंद पडली. आचके नाहीत, फटफट नाही. कोणीतरी हळूच किल्ली फिरवावी तशी गप्प झाली. खरोखर तसंच झालं होतं, पण ते कळायला मला दोन महिने लागले.

टेम्पोत घालून गाडी परत आणली. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलला, मग एचटी कॉइल (प्लगला हजारो व्होल्ट पुरवणारी), मग सीडीआय (ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा). दर वेळी दोन-चार दिवस गाडी चालायची आणि पाऊस आला की पुन्हा मान टाकायची. सप्टेंबरात वैतागून एक स्वस्तातलं मल्टिमीटर आणलं आणि स्वतःच बसलो. दोष एका वायरीत निघाला. दुरुस्तीला वीतभर टेप लागली. बदललेले तिन्ही जुने पार्ट चांगले होते, अजून माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात आहेत.

गाडी शंभर सीसीची, किकवाली, कार्बोरेटरची. आपल्याकडे हिरो होंडाच्या सीडी १०० आणि स्प्लेंडरपासून अशा गाड्या घराघरांत आहेत, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. पॉइंटवाली (सीडीआयऐवजी उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर चालणारी) बुलेट आणि बीएस-६ (२०२० पासूनच्या प्रदूषण नियमांच्या) गाड्या यांच्याबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी दोन मिनिटं: करंट येतो कुठून

इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरतो. त्याच्या आतल्या प्लेटवर बऱ्याच कॉइल असतात. त्यातली एक फक्त इग्निशनसाठी असते, तिला सोर्स कॉइल किंवा एक्सायटर म्हणतात. ती सीडीआयच्या आतला कपॅसिटर भरते, साधारण दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत. दुसरी छोटी पल्सर कॉइल (गॅरेजमध्ये ‘पिकअप’) ठरलेल्या क्षणी सीडीआयला इशारा देते. इशारा मिळाला की सीडीआय भरलेला सगळा साठा एका झटक्यात एचटी कॉइलमध्ये सोडतो. तिथे त्याचे हजारो व्होल्ट होतात आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते.

आता किल्लीचं काम काय? या जुन्या गाड्यांत किल्ली इग्निशनला करंट देत नाही, उलट बंद करते. किल्ली ऑफ केली की एक वायर अर्थला (म्हणजे गाडीच्या फ्रेमला) जोडली जाते, सीडीआयकडे येणारा करंट फ्रेममध्ये निघून जातो आणि ठिणगी थांबते. किल्ली ऑन म्हणजे फक्त ती वायर मोकळी सोडणं. म्हणूनच बॅटरी पार बसलेली असली, हॉर्न वाजत नसला, तरी अशी गाडी किकवर सुरू होते. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. माझ्या गाडीवर हात टाकलेल्या कोणीही या वायरीकडे पाहिलं नव्हतं.

हाताशी काय हवं

- प्लगपाना (गाडीच्या किटमधला चालेल)
- एक नवा किंवा खात्रीचा चालू प्लग. जुन्या शंभर सीसी गाड्यांना एनजीके सी७एचएसए किंवा त्याच्या जोडीचा लागतो, गॅप ०.६ ते ०.७ मिमी
- फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या)
- मल्टिमीटर. ओहम आणि एसी व्होल्ट दाखवणारं कुठलंही चालतं, आणि ‘टूं’ वाजणारं असेल तर उत्तम
- प्लॅस्टिक मुठीची पक्कड, स्टार आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, १० आणि १२ चे पाने
- पॉलिश पेपर, इन्सुलेशन टेप, सुकं फडकं
- कागद-पेन. रीडिंग लिहून ठेवायचं, लक्षात राहत नाही
- किक मारायला दुसरा माणूस

जमलं तर गाडीचा वायरिंग डायग्राम. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

काम सुरू करायच्या आधी जिवाची काळजी

प्लगला जाणाऱ्या एचटी वायरीचा झटका एकदा बसला की हात आपोआप मागे जातो आणि कोपर मागच्या भिंतीवर आदळतं. निरोगी माणसाला त्याने सहसा काही होत नाही, पण पेसमेकर असलेल्याने या कामात हात घालू नये. दुसरी गोष्ट पेट्रोलची. प्लग काढलेल्या भोकातून किक मारताना पेट्रोलची वाफ फसकन बाहेर येते, आणि तिथेच आपण ठिणगी पाडत असतो. माझी पद्धत अशी: जुना प्लग इंजिनातच राहू द्यायचा, त्याच्यावरची वायरीची कॅप काढून तिच्यात हातातला नवा प्लग घालायचा आणि त्यावर ठिणगी बघायची. भोक उघडं पडतच नाही. पेट्रोलचा कॉक बंद, गाडी न्यूट्रलमध्ये.

१. खरंच करंट नाही का?

नव्या प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या हेडवर घट्ट टेकवा. रंग लावलेल्या जागी नको, उघड्या धातूवर, उदाहरणार्थ एखाद्या बोल्टच्या डोक्यावर. पक्कडीने कॅप धरा. दुसऱ्याला जोरात किक मारायला सांगा. उन्हात ठिणगी दिसत नाही, गाडी सावलीत किंवा शेडमध्ये घ्या. निळी, ‘टच्’ असा आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक आहे. मग दोष पेट्रोलमध्ये, कार्बोरेटरमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये शोधा, हा लेख तुमच्या कामाचा नाही. लालसर, केसासारखी बारीक ठिणगी म्हणजे करंट आहे पण अशक्त. बाहेर हवेत ती दिसते, आत कॉम्प्रेशनमध्ये विझते.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. प्लग हेडला नीट टेकलेला नसतो, ठिणगी येत नाही आणि ‘करंट गेला’ असं ठरवून मोकळा होतो. तीन वेगवेगळ्या जागी टेकवून बघा. आणि कॅपला प्लगच न लावता किंवा प्लग हवेत धरून किक मारू नका. करंटला जायला वाट मिळाली नाही की तो कॉइलच्या आत किंवा सीडीआयमध्ये वाट काढतो, आणि मग खरंच नवा पार्ट घ्यावा लागतो.

२. लाज वाटेल अशा गोष्टी आधी

किल्ली ऑन आहे का? हँडलवर लाल किल स्विच असेल तर तो ‘रन’वर आहे का? शेजारची मुलं गाडीवर बसून खेळली असतील तर हे आधी बघा. नव्या गाड्यांत साइड स्टँडचा स्विच असतो, स्टँड खाली असेल तर इंजिन चालू राहत नाही. चिखल बसून तो स्विच अडकतो.

गेल्या दोन-चार दिवसांत गाडीला काय झालं तेही आठवा. प्रेशरने धुतली? नवा हॉर्न, एलईडी, अलार्म बसवला? पडली? कोठीशेजारी महिनाभर उभी होती? (उंदीर वायरी कुरतडतात, विशेषतः सीटखाली.) यातल्या एकालाही ‘हो’ असेल तर तपासणी तिथूनच सुरू करा. अलार्मवाल्यांनी इग्निशनच्या वायरीला टाचणी टोचून जोड दिलेले मी पाहिले आहेत, वर टेपही नाही.

३. प्लग, कॅप, वायर

इंजिनातला प्लग काढा. पेट्रोलने ओला असेल तर पुसून वाळवा, काळी काजळी असेल तर घासा. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक तडा असेल तर तो टाकून द्या. गॅप फिलर गेजने मोजा, नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

मग कॅप. जुन्या गाड्यांत कॅप एचटी वायरीवर स्क्रूसारखी बसलेली असते, डावीकडे फिरवली की निघते. आत हिरवट गंज किंवा पाणी आहे का बघा. पावसाळ्यातल्या बंद गाड्यांचा हा नंबर एकचा दोष. मल्टिमीटर ओहमवर लावून कॅपच्या दोन टोकांत मोजा. आत रेझिस्टर असलेल्या कॅपचं रीडिंग साधारण ५ किलोओहम येतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली. पन्नास-शंभरात नवी मिळते.

कॅप काढली की वायरीचं टोकही बघा. काळं, जळकं असेल तर ५-६ मिमी कापून आतली तार उघडी करा आणि कॅप पुन्हा आवळा. फार वेळा कापली तर वायर तोकडी पडते, म्हणून बेताने.

आता प्लग परत इंजिनात बसवा. मग कॅपशिवाय, नुसती वायर पक्कडीने धरून तिचं टोक हेडपासून ५-६ मिमीवर ठेवा आणि किक मारा. इथे ठिणगी उडी मारते पण कॅपसकट येत नाही, तर दोष कॅपमध्ये किंवा प्लगमध्ये. इथेही काही नाही, तर पुढे चला.

४. गाडी कोणत्या जातीची

सीडीआय टाकीखाली किंवा साइड पॅनेलच्या आत असतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा आणि त्याला चार-पाच वायरींचं कपलर (वायरी एकत्र जोडणारा प्लॅस्टिकचा जोड). कपलर काढा. पिन वाकडी झाली किंवा आत ढकलली गेली आहे का ते बघा, हिरवा गंज असेल तर साफ करा. कधी कधी दोष एवढाच असतो.

होंडा घराण्यातल्या जुन्या गाड्यांत रंग साधारण असे असतात:

- काळी-लाल: सोर्स कॉइलकडून येणारी
- निळी-पिवळी: पल्सरकडून येणारी
- काळी-पांढरी: किल्लीकडे जाणारी, बंद करण्याची
- काळी-पिवळी: सीडीआयकडून एचटी कॉइलला जाणारी
- हिरवी: अर्थ

हे रंग सगळ्या कंपन्यांना लागू करू नका. कावासाकी घराण्यात काळी-पिवळी म्हणजे अर्थ आणि यामाहात अर्थची वायर काळी. एकाच रंगाचे दोन अर्थ, त्यामुळे मित्राच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला लावला की घोळ होतो. आधी कोणी वायरिंग बदललं असेल तर रंग विसराच, वायर हाताने धरून शेवटपर्यंत जा.

आता कपलर काढलेलंच ठेवून किल्ली ऑन करा आणि कपलरच्या एकेका पिनला डीसी व्होल्टवर मोजा, मीटरची काळी तार इंजिनाला. कुठल्यातरी पिनवर १२ व्होल्टच्या आसपास मिळाले तर तुमची गाडी बॅटरीवर चालणाऱ्या म्हणजे डीसी सीडीआयची. मिळाले नाहीत, आणि किल्ली ऑफ केल्यावर काळी-पांढरी व हिरवी यांच्यात मीटर ‘टूं’ वाजतं, तर एसी सीडीआय, म्हणजे थेट मॅग्नेटवर चालणारी, माझ्यासारखी. दोन्हींतलं काहीच नाही? बॅटरी पार गेली असेल, फ्यूज उडाला असेल किंवा किल्लीपर्यंतची वायर तुटली असेल. डीसी गाडीत करंट न येण्याचं पहिलं कारण हेच असतं, म्हणून तिथे फ्यूजपासून सुरुवात करा.

५. काळी-पांढरी वायर

इथे वेळ घ्या. एसी सीडीआयच्या गाडीत बाकी सगळं ठणठणीत असून करंट न येण्याचं सगळ्यात फसवं कारण ही वायर आहे. ती सीडीआयपासून टाकीखालून पुढे जाते, हँडलच्या मानेशी वळते, हेडलाइटच्या डोममध्ये शिरते आणि किल्लीच्या स्विचला पोचते. वाटेत कुठेही तिचं प्लॅस्टिक घासून आतली तार फ्रेमला टेकली की गाडीला वाटतं किल्ली बंद झाली.

तपासणी सोपी. किल्ली ऑन. सीडीआयचं कपलर काढलेलं. मीटर ओहमवर, एक टोक काळ्या-पांढऱ्यावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. मीटर गप्प राहायला हवं. वाजलं किंवा काही ओहम दाखवले तर चोर सापडला.

पण गप्प राहिलं म्हणून लगेच पुढे जाऊ नका. मीटर लावलेलंच ठेवा आणि हँडल सावकाश डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवा. माझ्या गाडीत हँडल सरळ असताना मीटर गप्प होतं. उजवीकडे पाऊण वळलं की ‘टूं’. डावीकडे नेलं की पुन्हा गप्प. त्या क्षणी अंगावर काटा आला, कारण दोन महिन्यांत प्रत्येक गॅरेजवाल्याने गाडी स्टँडवर, हँडल डावीकडे वळवून तपासली होती. किल्लीही हलवून बघा, किल स्विच चालू-बंद करून बघा, मानेजवळचा वायरींचा जुडगा हाताने दाबून बघा. आणि तक्रार पावसातली असेल तर त्याच जागी स्प्रेच्या बाटलीने पाणी मारून बघा. सुक्या गाडीत ओला दोष सापडत नाही.

मग टाकी काढा. सीट काढली की मागचा बोल्ट दिसतो. कॉक बंद करून पाइप सोडवा आणि टाकी मागे ओढून उचला. माझ्या गाडीत मानेच्या उजव्या बाजूला, जिथे केबल आणि वायरी एकत्र वळतात, तिथे जुडग्यावरची काळी नळी घासून अंगठ्याच्या नखाएवढी फाटली होती. आत पाच-सहा वायरी. त्यातल्या फक्त काळ्या-पांढऱ्याचं प्लॅस्टिक सोललेलं आणि तांबं चकचकीत, कारण ते रोज फ्रेमवर घासून पॉलिश होत होतं. शेजारच्या फ्रेमवर रंग उडून एक बारीक रेघ पडली होती. टेप मारली, वर नवी नळी चढवली, जुडगा थोडा सैल करून केबलपासून लांब बांधला. फार आवळून बांधलेली वायर हँडल वळलं की ताणली जाते. तेही तितकंच वाईट.

वायर कुठे लागते ते सापडत नसेल तर तात्पुरती चाचणी अशी: किल्लीच्या स्विचचं कपलर बहुधा हेडलाइटच्या डोममध्ये असतं, ते सोडवा, सीडीआयचं कपलर परत लावा आणि ठिणगी बघा. ठिणगी आली तर दोष किल्लीत, म्हणजे स्विचमध्येच. नाही आली, तर काळी-पांढरी वायर सीडीआयच्या कपलरमधून पिन दाबून बाहेर काढा (कापू नका, बारीक स्क्रूड्रायव्हरने पिनची जीभ दाबली की निघते) आणि पुन्हा बघा. आता आली तर दोष वाटेतल्या वायरीत, किंवा तिला जोडलेल्या किल स्विचमध्ये.

सावधान: ही वायर सुटलेली असताना इंजिन सुरू झालं तर किल्लीने बंद होणार नाही. घाबरून किल्ली फिरवत बसू नका. पुढचा ब्रेक घट्ट धरा, चौथा गिअर टाका आणि क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. आणि अशी गाडी बाजारात उभी करू नका. किल्लीशिवाय कोणीही किक मारून घेऊन जाईल.

६. मॅग्नेटकडून करंट येतो का

काळी-पांढरी निर्दोष असेल तर कपलर काढलेल्या स्थितीत दोन मोजमापं घ्या. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून आधी मीटरचा स्वतःचा आकडा बघा, ०.२-०.३ ओहम येतो. छोट्या रीडिंगमधून तो वजा करायचा.

काळी-लाल ते हिरवी: सोर्स कॉइल. शंभरपासून चारशे ओहमपर्यंत काहीही योग्य असू शकतं, गाडीप्रमाणे फरक पडतो. निळी-पिवळी ते हिरवी: पल्सर. साधारण पन्नास ते दोनशे. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या किंवा तसलीच चालू गाडी असलेल्या मित्राच्या गाडीवर मोजा. मीटर काहीच दाखवत नाही म्हणजे कॉइल तुटली. शून्याच्या जवळ दाखवतं म्हणजे वायर वाटेत कुठेतरी अर्थला लागली किंवा कॉइल आतून जळली.

आता मीटर एसी व्होल्टवर लावून किक मारा. सोर्स कॉइलवर आकडा वीस-तीस व्होल्टच्या पुढे उसळायला हवा, पल्सरवर एका व्होल्टच्याही आत, पण काहीतरी हललं पाहिजे. होंडाच्या मॅन्युअलमध्ये पल्सरसाठी किमान ०.७ व्होल्ट दिलेले असतात, पण ते पीक (क्षणभराचं सर्वोच्च) व्होल्टेज, ते मोजायला वेगळा अडॅप्टर लागतो. साधं मीटर कमीच दाखवतं. त्यामुळे ०.३ दिसले म्हणून पल्सर गेला असं ठरवू नका.

‘गाडी थंड असताना चालते, वीस मिनिटांनी बंद पडते, तासाभराने पुन्हा चालू’ अशी तक्रार असेल तर घरी थंड इंजिनावर घेतलेलं रीडिंग निरुपयोगी आहे. कॉइलची तार आत तुटलेली असते, गरम झाल्यावर टोकं दूर जातात. मीटर बरोबर घेऊन फिरा आणि गाडी बंद पडली त्याच जागी, इंजिन तापलेलं असतानाच मोजा.

रीडिंग चुकीचं आलं तरी मॅग्नेट लगेच उघडू नका. मॅग्नेटच्या कव्हरमधून बाहेर येणारं कपलर शोधा आणि तिथे पुन्हा मोजा. तिथे बरोबर आलं तर कॉइल चांगली, दोष मधल्या वायरीत. मॅग्नेट काढायचाच झाला तर पुलर (खेचून काढायचं हत्यार) लागतो. हातोड्याने ठोकून काढलेल्या मॅग्नेटचे चुंबक निसटतात आणि क्रँकचं टोक खराब होतं. काही गाड्यांत कव्हर काढताना ऑइल सांडतं, खाली ट्रे ठेवा. माझ्या मते हे एक काम गॅरेजला द्यावं, पण कोणती कॉइल गेली हे आपण सांगून द्यावं.

७. एचटी कॉइल आणि अर्थ

कॉइलचा प्रायमरी, म्हणजे काळी-पिवळी आणि अर्थ यांच्यातला आकडा, सीडीआय गाड्यांत एका ओहमच्याही आत असतो. नवख्याला तो शॉर्ट वाटतो. घाबरू नका. सेकंडरी, म्हणजे अर्थ ते एचटी वायरीचं टोक, कॅप काढून काही हजार ओहम. कॅपसकट मोजलं तर कॅपचे पाच किलोओहम त्यात मिळवायचे.

कॉइलला फ्रेमवर आवळणारा बोल्ट गंजला असेल तर अर्थच मिळत नाही. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने जागा घासा, पुन्हा आवळा. सीडीआयच्या हिरव्या वायरीचंही तसंच, ती आणि इंजिन यांच्यात एक ओहमपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ शोधा. फ्रेमला नवा रंग दिल्यावर बंद पडलेल्या गाड्यांत बहुतेक वेळा हेच असतं.

काळोखात किक मारताना कॉइलकडे बघा. कॉइलच्या अंगावरून फ्रेमकडे निळी रेघ धावताना दिसली तर तिला तडा आहे. मीटर हे दाखवत नाही.

८. आणि आता सीडीआय

सीडीआय मल्टिमीटरने तपासता येत नाही. पिनांमध्ये ओहम मोजून ‘गेला’ म्हणणारे भेटतील, ऐकून सोडून द्या. त्याच्यापर्यंत येणारं सगळं बरोबर आहे (सोर्स, पल्सर, अर्थ, मोकळी काळी-पांढरी) आणि त्याच्यापुढचं, म्हणजे कॉइल, कॅप, प्लगही बरोबर आहे, तरी ठिणगी नाही, तेव्हाच संशय त्याच्यावर घ्यायचा. तेव्हाही आधी त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा सीडीआय दहा मिनिटं उसना आणून लावून बघा. कपलर सारखं दिसतं म्हणून दुसऱ्या मॉडेलचा लावू नका. एसीच्या जागी डीसी लावला तर काहीच होत नाही किंवा दोन्हींचं वाटोळं होतं.

डीसी गाडीत सीडीआय पुन्हा पुन्हा जात असेल तर इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्ट मोजा. रेस वाढवल्यावर आकडा १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा पार्ट) गेला आहे. तो बदलल्याशिवाय नवा सीडीआय बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

पॉइंटवाल्यांसाठी

जुन्या बुलेटला सीडीआय नाही, बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर एवढंच. तिथे अ‍ॅमीटर (करंट दाखवणारा काटा) तुमचा मित्र आहे. किल्ली ऑन करून किक हळूहळू दाबा. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हलतच नसेल तर करंट पॉइंटपर्यंत येत नाही किंवा पॉइंट मिटत नाहीत. काटा झुकलेलाच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वायर अर्थला लागली आहे. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. पॉइंट उघडताना मोठी, पिवळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बदला. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू ठेवून चहाला जाऊ नका, कॉइल तापून जाते.

बीएस-६ आणि फ्युएल इंजेक्शन

१ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असतो. किल्ली ऑन केल्यावर इंजिनाचा दिवा आणि फ्युएल पंपाचा ‘झुंई’ आवाज येतो का, साइड स्टँड, किल स्विच, फ्यूज, प्लग आणि कॅप एवढं बघा. गाडी पडली असेल तर ती वाकल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असू शकतो. गाडी सरळ उभी करून किल्ली ऑफ-ऑन करा. त्यापुढे ईसीयूच्या कपलरमध्ये मीटरची टोकं खुपसू नका, स्कॅनर असलेल्याकडे न्या.

गॅरेजला नेताना

कागदावर लिहून न्या: ठिणगी कॅपशिवाय आली का, काळी-पांढरी सुटल्यावर आली का, सोर्स आणि पल्सरचे ओहम, गाडी थंड होती की गरम, पाऊस होता का. कागद हातात दिला की चांगला मिस्त्री आधी तो वाचतो. जुना पार्ट परत मागा, आणि नवा बसवायच्या आधी ‘जुना लावून ठिणगी नाही, नवा लावून आहे’ हे समोर दाखवायला सांगा. दाखवायला दोन किक पुरतात.

माझी रीडिंग मी सीटच्या आतल्या बाजूला एका कागदावर लिहून टेपने चिकटवली आहेत, गाडी व्यवस्थित चालत असतानाची. पुढच्या वेळी तुलना करायला दुसऱ्याची गाडी शोधावी लागणार नाही.